साडेदहाचं कुलूप

आज आमच्या गल्लीला पाचव्या दिवसाचं पाणी.
आठला येणार म्हणाले, मग नऊला,
आता वॉलमन फोन उचलत नाही
आणि मी बॅरलशेजारी उपड्या बादलीवर
तिकडच्या फुटबॉलचा संघ लावत बसलोय.

टॉवेल घेणाऱ्या ओहायोच्या ऑफिसनं
दोन वर्षांमागं मला त्यांच्या लीगमध्ये ओढलं.
बारावा भिडू कमी पडत होता,
आणि डिस्पॅचचा अंबादास बुर्ला ईमेलला लगेच उत्तर देतो.
माझ्या संघाचं नाव शेंगा चटणी.
त्यांना वाटतं, ही कुठली तरी देवी असावी.

एकच जागा उरलीय, फ्लेक्सची.
वाइड रिसीव्हर ठेवू का टाइट एंड?

एक्याऐंशी नंबर मैदानाच्या पार काठावर उभा राहतो.
चेंडू हलला की सुटतो,
कुणाचा हात अंगाला लागायच्या आत चाळीस यार्ड.
चेंडू त्याच्याकडं लांबून येतो, हवेत गिरक्या घेत.
आला त्या दिवशी दिवाळी,
नाही आला त्या दिवशी नुसता पळून घरी जातो.

अठ्ठ्याऐंशी उभा असतो पैलवानांच्या रांगेच्या टोकाला.
आधी समोरचा छातीवर घ्यायचा,
दुसऱ्याला वाट करून द्यायची,
आणि मध्येच, कुणाचं लक्ष नसताना,
वळून दोन्ही हात उघडायचे.
सात यार्ड. आठ. पडायचं, उठायचं.

दुपारी चहाला मौलाली जॉबरला विचारलं होतं.
जिल्ह्याला कबड्डी खेळलेला, गुडघा अजून वाजतो त्याचा.
"काय विचारलालास बे, चढाईवालाच घे.
कोपरा धरणाऱ्याला कोण बघतंय?
अकरा वर्षं धरलो की मी."
बशी संपवून तो सात नंबरच्या मागावर गेला,
तिथं ताणा तुटला होता.

पद्मिनी नळी घेऊन आली. "अजून ठरंना?"
तिला सांगितलं, तांब्या आणि बादली मांडून:
हा असा पळतो, हा असा अडवतो,
अधनंमधनं झेलतो पण.
तिनं तांब्या उचलून जागेवर ठेवला.
"दुसऱ्याला पगार कमी असेल."
मी शोधून बघितलं. कमीच होता.

दहा सव्वीस. ठरलं, एक्याऐंशी.
समोर पहिल्या नंबरचा संघ आहे,
माया करून चालणार नाही, आकडे बघायचे.
आणि तेवढ्यात नळ खोकला.
आधी हवा, मग गंज, मग पाणी.
मी बॅरल, ती टाकी,
शेजारच्या कोंडाबाईंच्या चार घागरी,
मोटरचा पाइप निसटला, शर्ट भिजला,
दहा एकोणतीसला फोनवर बोट ठेवलं
तर ओलं बोट स्क्रीन ओळखेना.
लुंगीला पुसलं, लुंगीही ओली.
रोज दोनशे डझन बोटीवर चढवणाऱ्याला
घरात एक कोरडा टॉवेल सापडेना.
साडेदहा. कुलूप.
गेल्या आठवड्याचा माणूस जागेवर राहिला.
अठ्ठ्याऐंशी.

सकाळी पाहिलं.
एक्याऐंशी, माझ्या बाकावर बसून:
सात झेल, एकशे चार यार्ड, एक टचडाउन.
अठ्ठ्याऐंशी: दोन झेल, अकरा यार्ड.
तीन पूर्णांक एक गुण. हरलो.

कडक भाकरी मोडत त्याच्या मॅचची फीत लावली.
त्यांचं एक पोरगं चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेलं,
सगळे त्याच्या अंगावर उड्या मारत होते.
मागं, चित्राच्या कडेला,
अठ्ठ्याऐंशी दोघांना घेऊन आडवा झालेला,
हेल्मेटमध्ये गवत.

"त्या अडवल्याचे किती मिळाले?"
पद्मिनी खांद्यावरून बघत होती.
"त्याचे मोजत नाहीत."

ती काही बोलली नाही.
बॅरलवर झाकण ठेवलं, झाकणावर दगड,
डबा माझ्या हातात दिला
आणि म्हणाली, पुढचं पाणी शुक्रवारी.
दिवसा आलं तर मी एकटीच आहे घरी.